परवाने, पावत्या आणि तारखा : छोट्या व्यावसायिकांचे प्रश्न

या वेळच्या पत्रांत कर जास्त आहे अशी तक्रार फार थोड्यांनी केली आहे. बहुतेकांचा जीव मेटाकुटीला आलाय तो तारखांनी, अर्जांनी आणि न कळता लागलेल्या दंडांनी. म्हणून उत्तरं देताना कायदा काय म्हणतो यापेक्षा कोणता अर्ज, किती दिवसांत आणि चूक नेमकी कुठे होते यावर भर दिला आहे.

प्रश्न : माझं स्टेशनरी-कटलरीचं दुकान आहे. घरच्या आजारपणात ते वर्षाहून जास्त काळ बंदच होतं. विक्रीच नाही म्हणून जीएसटीची रिटर्न भरली नाहीत. आता दुकान उघडलं, तर घाऊक व्यापारी म्हणतो तुमचा नंबर रद्द दिसतोय. पोर्टलवर ४० दिवसांपूर्वीचा रद्दचा आदेश आहे आणि १४ महिन्यांची रिटर्न बाकी आहेत. नोटीस मला मिळालीच नाही. आता काय?
— एक दुकानदार, पंढरपूर

उत्तर : नंबर परत मिळू शकतो, पण दिवस मोजून काम करा. रद्दचा आदेश मिळाल्यापासून ९० दिवसांत आरईजी-२१ हा अर्ज करता येतो. तुमचे ४० गेले, ५० उरले. ही मुदत चुकली तर वरिष्ठ अधिकारी आणखी १८० दिवसांपर्यंत ती वाढवू शकतात, पण त्यासाठी कारण पटवून द्यावं लागतं. त्या भरवशावर बसू नका.

अर्जाआधी रद्द होण्याच्या तारखेपर्यंतची सगळी रिटर्न भरायची. नेमक्या या क्रमालाच लोक अडखळतात. सर्वांत जुन्या महिन्यापासून सुरुवात करा. प्रत्येक महिन्याचं आधी जीएसटीआर-१ (विक्रीचा तपशील), मग ३बी (कराचा गोषवारा आणि भरणा). मधला एक महिना राहिला तर पुढचा उघडतच नाही. शून्य विक्रीच्या ३बीला दिवसाला २० रुपये विलंब शुल्क आहे आणि ते एका रिटर्नला ५०० रुपयांवर थांबतं. म्हणजे १४ रिटर्नचे जास्तीत जास्त ७,००० रुपये. हे रोखीनेच भरावे लागतात, जुनं इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) इथे चालत नाही. चलन करताना रक्कम ‘फी’ या रकान्यात, केंद्र आणि राज्य अशी निम्मी-निम्मी टाका. घाईत ती ‘टॅक्स’च्या रकान्यात जाते, पैसे भरलेले दिसतात आणि रिटर्न मात्र पुढे सरकत नाही. असं झालंच तर पीएमटी-०९ या अर्जाने रक्कम एका रकान्यातून दुसऱ्यात नेता येते, नवे पैसे भरू नका.

आरईजी-२१ मध्ये कारण लिहिताना आजारपणाचा काळ तारखांसह लिहा आणि दवाखान्याचे कागद जोडा. अधिकाऱ्याला शंका असेल तर आरईजी-२३ ही नोटीस येते. तिला सात कामकाजाच्या दिवसांत आरईजी-२४ ने उत्तर द्यायचं. नंबर परत सुरू झाला की मधल्या काळातली रिटर्न ३० दिवसांत भरायची, हे विसरलात तर पुन्हा तेच चक्र सुरू होईल. आणि तोवर बिलावर जीएसटी लावून एक रुपयाही घेऊ नका.

नोटीस मिळाली नाही, यात तुमची चूक नसावी. नोंदणीच्या वेळी एजंट स्वतःचाच मोबाइल आणि ईमेल टाकतो. मग आरईजी-१७ नोटीस त्याच्याकडे जाते आणि उत्तराचे सात दिवस तिथेच सरतात. त्या सात दिवसांत बाकी रिटर्न आणि पैसे भरले असते तर रद्दची कारवाई तिथेच थांबली असती. म्हणून नंबर सुरू होताच पोर्टलवर अधिकृत स्वाक्षरीदाराचा मोबाइल-ईमेल बदलून घ्या. हा बदल अधिकाऱ्याच्या मंजुरीशिवाय होतो.

पुढे कधी महिना कोरडा गेला तर शून्याचं ३बी एसएमएसनेही जातं. नोंदवलेल्या मोबाइलवरून १४४०९ या क्रमांकावर इंग्रजीत ‘निल’, जागा, ‘३बी’, जागा, तुमचा जीएसटी नंबर, जागा, मग महिना-वर्षाचे सहा आकडे. उत्तरात कोड येतो, तो पाठवून पक्कं करायचं. दोन मिनिटांचं काम आहे.

आता एक विचार करून बघा. महाराष्ट्रात फक्त वस्तू विकणाऱ्याला वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या वर गेल्यावरच नोंदणी सक्तीची होते. तुमचा धंदा त्याच्या बराच खाली असेल आणि माल राज्याबाहेर जात नसेल, तर नंबर परत मिळवण्याची गरज आहे का? नको असेल तरी बाकी रिटर्न चुकत नाहीत, आणि आदेशानंतर तीन महिन्यांत जीएसटीआर-१० हे शेवटचं रिटर्न भरावं लागतं. त्यात शिल्लक मालावर पूर्वी घेतलेलं क्रेडिट परत करायचं असतं. नंबर ठेवायचाच असेल तर कंपोझिशनचा, म्हणजे छोट्यांसाठीच्या सोप्या कर योजनेचा विचार करा: उलाढालीवर १ टक्का, दर तिमाहीला पुढच्या महिन्याच्या १८ तारखेपर्यंत सीएमपी-०८ आणि ३० जूनपर्यंत वर्षाचं जीएसटीआर-४. वर्षाला पाच कामं. त्यासाठी नवं आर्थिक वर्ष सुरू होण्याआधी सीएमपी-०२ हा अर्ज भरा. गिऱ्हाइकाकडून मात्र कर वेगळा घेता येत नाही, आणि व्यापारी गिऱ्हाइकाला तुमच्या बिलावर क्रेडिट मिळत नाही.

कर बुडवणारा आणि आजारपणात दुकान बंद ठेवणारा, दोघांनाही ही यंत्रणा एकच नोटीस पाठवते. जिथे कराचा एक पैसाही देणं नाही तिथे दर महिन्याला ५०० रुपये दंड कशासाठी, हे आम्हाला आजवर कुणी पटवून देऊ शकलेलं नाही. हा नियम बदलायला हवा.

प्रश्न : दुकानात मी आणि कामाला दोन मुलं. एजंट दर वर्षी ‘शॉप ॲक्टचं नूतनीकरण’ म्हणून ३,००० रुपये घेतो. हे किती वर्षं चालणार?
— बार्शी

उत्तर : याच वर्षी थांबवा. १९४८ चा जुना कायदा जाऊन १९ डिसेंबर २०१७ पासून नवा कायदा लागू आहे. तुमच्याइतके थोडे कामगार असतील तर परवानाच नाही, फक्त ऑनलाइन सूचना द्यायची: नमुना ‘एफ’ भरला की नमुना ‘जी’ची पावती मिळते. तिला मुदत नाही, म्हणून नूतनीकरणही नाही. एजंटकडून ती पावती मागून घ्या आणि त्याने दर वर्षी नेमकं काय भरलं याची सरकारी पावतीही मागा.

कदाचित तो त्याच पैशांत तुमचा व्यवसाय कर भरत असेल. तो वेगळा विषय आहे. धंदा करणाऱ्याला स्वतःचे वर्षाला २,५०० रुपये ३० जूनपर्यंत भरावे लागतात, त्याला पीटीईसी म्हणतात. मालकाचं वय ६५ पूर्ण असेल तर माफी आहे. मुलांपैकी कुणाचा पगार महिना ७,५०० च्या वर असेल तर पीटीआरसी हा पगारातून व्यवसाय कर कापून भरण्याचा दुसरा नंबरही लागतो: १०,००० पर्यंत महिना १७५ रुपये, त्यावर २०० आणि फेब्रुवारीत ३००. स्त्री कामगाराला २५,००० पर्यंत काहीच कापायचं नाही. कर शून्य असला तरी पीटीआरसीचं रिटर्न चुकवू नका, एका रिटर्नला हजार रुपयांपर्यंत विलंब शुल्क बसतं.

प्रश्न : आम्ही चार जणी घरगुती भाजक्या पोह्यांचा चिवडा आणि भाजणी करतो. २०० ग्रॅमची पाकिटं दुकानांत ठेवतो. वजनमापवाल्यांनी दुकानातून पाकिटं उचलली आणि लेबलमध्ये पाच चुका दाखवल्या. अन्न नोंदणी आहे, चव चांगली आहे, तक्रार एक नाही. मग चुकलं कुठे?
— एक वाचक भगिनी, सांगली

उत्तर : ताई, तुमच्या पत्रासोबतचं लेबल पाहिलं. ‘अंदाजे २०० ग्रॅम’, ‘किंमत ७० रु.’, ‘दोन महिन्यांत खावे’, खाली गटाचं नाव आणि मोबाइल, सगळं मराठीत. प्रामाणिक लेबल आहे, पण नियमाला धरून नाही. एकेक घेऊ.

पहिली गोष्ट सांगताना आम्हालाही बरं वाटत नाही: फक्त मराठी लेबल चालत नाही. सक्तीचा मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत हवाच, मराठी त्याच्या जोडीला कितीही लिहा. दुकानाच्या पाटीवर मराठी सक्तीची आणि पाकिटावर एकटी मराठी अपुरी, असे हे दोन कायदे आहेत.

‘अंदाजे’, ‘किमान’, ‘सुमारे’ हे शब्द निव्वळ वजनापाशी वर्ज्य आहेत. इंग्रजीत ग्रॅमसाठी फक्त ‘जी’ हे एक अक्षर, ‘जीएम’ किंवा ‘जीएमएस’ नाही. २०० ग्रॅमच्या पाकिटाला ९ ग्रॅमपर्यंतची तूट सुटी चूक म्हणून धरली जाते, पण सगळ्या लॉटची सरासरी २०० च्या खाली जाता कामा नये. म्हणजे प्रत्येक पाकीट १९३ चं भरून सुटका नाही.

‘किंमत’ पुरत नाही. ‘कमाल किरकोळ किंमत, सर्व करांसह’ असं हवं, आणि शेजारी एकक किंमत. किलोच्या आतल्या पाकिटाला ती ग्रॅममागे द्यायची: ७० भागिले २००, म्हणजे ग्रॅमला ०.३५ रुपये. किंमत वाढली की जुन्या लेबलवर स्टिकर चिकटवायची सवय मोडा. किंमत कमी करणारं स्टिकर चालतं, तेही मूळ आकडा न झाकता. वाढवणारं चालत नाही. लेबलं एकदम पाच हजार छापून घेऊ नका, तेलाचा भाव हलला की ती रद्दी होते.

‘दोन महिन्यांत खावे’ याऐवजी उत्पादनाची तारीख आणि शेवटची तारीख दोन्ही लिहा. अन्नाच्या २०२० च्या लेबल नियमांत ‘या तारखेपर्यंत वापरा’ सक्तीचं आहे, ‘या तारखेपर्यंत उत्तम’ हे ऐच्छिक. बॅच नंबर हवा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने: पोहे, तेल, शेंगदाणे, डाळं, खोबरं असे. चिवड्यात शेंगदाणे आहेत हे ॲलर्जीच्या सूचनेत वेगळं सांगायचं. हिरव्या चौकोनात हिरवा ठिपका. पोषणमूल्यांचा तक्ता प्रयोगशाळेच्या अहवालावरून करा, दुसऱ्याच्या पाकिटावरून उतरवू नका. तुमच्या चिवड्यातलं तेल आणि मीठ त्यांच्याएवढं असेलच असं नाही. अन्न नोंदणीचा १४ अंकी क्रमांक बोधचिन्हासह छापा. नोंदणीचा क्रमांक २ ने सुरू होतो, परवान्याचा १ ने. तुमच्या लेबलवर १ ने सुरू होणारा क्रमांक आहे, पत्रातल्या प्रमाणपत्रावर २ ने. छापखान्यात जुन्या कुणाच्या तरी लेबलवरून क्रमांक तसाच राहिलेला दिसतो. हे आजच दुरुस्त करा, लेबलवरची ही सगळ्यांत गंभीर चूक आहे.

मोबाइल पुरेसा नाही, तयार करणाऱ्याचा पूर्ण पत्ता आणि तक्रारीसाठी नाव, पत्ता, फोन, ईमेल हवा.

यापलीकडे दोन गोष्टी लेबलवर दिसत नाहीत. पाकिटं भरून विकणाऱ्याला वैधमापन विभागाकडे, म्हणजे वजनमाप खात्याकडे, पॅकर म्हणून नोंद करावी लागते, भरणी सुरू केल्यापासून ९० दिवसांत, फी ५०० रुपये. अन्न नोंदणी केली की हीही झाली असं पुष्कळांना वाटतं, पण ती दोन वेगळी खाती आहेत. दुसरी गोष्ट काटा. ऑनलाइन मिळणारा स्वयंपाकघरातला चपटा काटा धंद्याला चालत नाही, कारण त्यावर मुद्रांकन (वजनमाप खात्याची तपासणी आणि शिक्का) होत नाही. आणि ३० किलोचा दुकानी काटाही २०० ग्रॅमला योग्य नाही: त्याचा टप्पा बहुधा ५ ग्रॅमचा असतो, म्हणजे १९८ आणि २०२ तो सारखेच दाखवतो. १ ग्रॅम टप्प्याचा लहान काटा घ्या, दर १२ महिन्यांनी मुद्रांकन करून घ्या आणि प्रमाणपत्र काट्याजवळ लावा. काटा दुरुस्तीला दिला आणि सील तुटलं, तर वर्ष पुरं व्हायची वाट न पाहता पुन्हा मुद्रांकन. दुरुस्तीही परवानाधारकाकडूनच.

चार बायकांनी दोन खात्यांकडे, तीन नियमावल्यांखाली, तोच पत्ता आणि तेच नाव पुन्हा पुन्हा लिहायचं, हे ओझं खरं आहे. पण गिऱ्हाइकाच्या बाजूने पाहिलं तर शेंगदाण्याची सूचना आणि शेवटची तारीख यांचं मोल मोठं आहे. तिथे कुरकुर करू नका.

प्रश्न : माझ्याकडे नऊ कामगार आहेत. दहावा घेतला की ईएसआय (कामगार विमा) लागू होतो, म्हणून त्याला हजेरीपटावर न घेता ‘ठेकेदाराचा माणूस’ दाखवावा, असा सल्ला मिळालाय.
— पॉवरलूम जोडधंदा, इचलकरंजी

उत्तर : हा सल्ला घेऊ नका. ठेकेदाराचा माणूस तुमच्या छपराखाली काम करत असेल तर तो मोजणीत येतोच, आणि ठेकेदाराने वर्गणी भरली नाही तर ती तुमच्याकडून वसूल होते.

हिशेब घाबरण्यासारखा नाही. महिना २१,००० पर्यंत पगार असलेल्यांना ईएसआय लागतो: कामगाराचे ०.७५ टक्के, मालकाचे ३.२५. १४,००० पगार धरला तर त्याचे १०५ आणि तुमचे ४५५, मिळून ५६० रुपये, पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत. लागू झाल्यापासून १५ दिवसांत ऑनलाइन नोंद करा, १७ अंकी कोड मिळेल. या ४५५ रुपयांच्या बदल्यात लूमवर बोट गेलं तर उपचार आणि बुडालेली मजुरी विमा देतो. हजेरीपटाबाहेरच्या माणसाचा अपघात झाला तर तोच खर्च आणि भरपाई तुमच्या गळ्यात येते. एका अपघातात धंदा बसतो.

चुका कुठे होतात ते सांगतो. कामगार पुन्हा नऊ झाले म्हणून भरणा बंद करतात, पण एकदा लागू झालेला ईएसआय संख्या घटली तरी सुटत नाही. पगार मध्येच २१,००० च्या वर गेला की वर्गणी थांबवतात, खरं तर ती त्या सहामाहीअखेर (सप्टेंबर किंवा मार्च) चालू ठेवायची असते. आणि कामगाराचे कापलेले १०५ रुपये १५ तारखेनंतर भरले तर व्याज लागतंच, शिवाय आयकरात तो खर्च नामंजूर होऊ शकतो. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२२ मध्ये हे स्पष्ट केलं आहे. रोकड ओढगस्तीची असली तर आपला पगार मागे ठेवा, कामगाराकडून कापलेले पैसे नव्हे.

दहाव्या माणसासोबत ग्रॅच्युइटीही येते. वर्षामागे १५ दिवसांचा पगार, २६ ने भागून: १४,००० ला सुमारे ८,०७७ रुपये. दर वर्षी बाजूला टाका, पाच वर्षांनी एकदम काढायला जड जातात. लैंगिक छळाविरुद्धची अंतर्गत समितीही दहालाच लागते, तीत बाहेरची एक व्यक्ती हवी. भविष्यनिर्वाह निधी मात्र २० ला. आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रमसंहिता लागू असल्याने प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र द्या.

प्रश्न : मोठ्या कारखान्याला सुटे भाग पुरवतो. २ लाख ४० हजारांचं बिल सात महिने अडकलंय. जीएसटी मात्र मी बिल केलं त्याच महिन्यात भरला. नियम सगळे आम्हालाच का?
— सातपूर, नाशिक

उत्तर : तुमची चीड रास्त आहे. पण इथे नियम तुमच्या बाजूचे आहेत, ते वापरले जात नाहीत एवढंच. सूक्ष्म आणि लघु उत्पादकाला लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, करार नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट, मासिक चक्रवाढीने व्याज. बँक रेट ६ टक्के धरला तर व्याज १८ पडतं. अट एकच: उद्यम नोंदणी (लघुउद्योगांची सरकारी नोंदणी) माल देण्याआधीची असावी. नंतर केलेल्या नोंदणीवर जुन्या बिलांसाठी वाद होतो. नोंदणी फुकट आहे आणि तिचं नूतनीकरण नसतं, पैसे मागणाऱ्या संकेतस्थळांपासून दूर राहा. निव्वळ व्यापाऱ्याला हे संरक्षण मिळत नाही.

तक्रारीआधी खरेदीदाराच्या हिशेब विभागाला एक पत्र पाठवा. त्यात दोनच मुद्दे. १८० दिवसांत पैसे न दिल्यास तुमच्या बिलावर घेतलेलं जीएसटी क्रेडिट त्यांना व्याजासह परत करावं लागतं, आणि ती मुदत उलटून गेली आहे. शिवाय मुदतीबाहेर थकलेली रक्कम वर्षअखेरीला न दिलेली असेल तर आयकरात ती त्या वर्षाचा खर्च म्हणून धरता येत नाही. मालकाला केलेल्या दहा फोनपेक्षा त्यांच्या लेखापरीक्षकाच्या हाती पडलेलं हे एक पत्र जास्त काम करतं. फेब्रुवारीत पाठवलं तर आणखीच.

तरीही हललं नाही तर सूक्ष्म आणि लघु उद्योग सुलभीकरण परिषदेकडे ऑनलाइन दावा: खरेदी आदेश, बिल, माल पोचल्याची सही-शिक्क्याची चलनप्रत, उद्यम प्रमाणपत्र. बहुतेक दावे चलनप्रतीवर सही नसल्याने अडतात. कायद्याने ९० दिवसांत निर्णय हवा, प्रत्यक्षात जास्त लागतात. निर्णयाविरुद्ध जायचं तर खरेदीदाराला आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते, म्हणून बरेच जण मध्येच तडजोडीला येतात.

प्रश्न : ‘जीएसटीतून आलोय’ म्हणून दोघं दुकानात शिरले, पाटी आणि बिलबुक पाहिलं आणि रोख ५,००० मागितले. खरे की खोटे कसं ओळखायचं?
— लातूर

उत्तर : ओळखपत्र मागा आणि झडतीचा अधिकार देणारा आयएनएस-०१ हा कागद मागा. तो सहआयुक्त किंवा त्यावरच्या अधिकाऱ्याच्या सहीचा असतो. पत्र दाखवलं तर त्यावरचा डीआयएन किंवा आरएफएन क्रमांक पोर्टलवर तिथेच पडताळता येतो. दंड रोख हातात देऊ नका. तो चलनाने सरकारच्या खात्यातच जातो. कोऱ्या कागदावर सही नाही, आणि काही उचलून नेलं तर आयएनएस-०२ आदेशाची आणि पंचनाम्याची प्रत घेतल्याशिवाय जाऊ देऊ नका. झडतीच्या वेळी दबाव आणून कर भरून घेऊ नये, अशी सूचना केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाने २५ मे २०२२ रोजी आपल्या अधिकाऱ्यांना दिली आहे.

पाटीचं मात्र बघून घ्या, कारण तिथे खरा अधिकारीही बोट ठेवील. जीएसटी नंबर दर्शनी पाटीवर आणि नोंदणी प्रमाणपत्र आत भिंतीवर हवं. कंपोझिशनमध्ये असाल तर पाटीवर ‘कंपोझिशन करदाता’ असंही हवं. दुकानाचं नाव मराठीत, देवनागरीत, दुसऱ्या लिपीपेक्षा लहान अक्षरांत नसावं. कामगार कितीही असले तरी हे २०२२ पासून सगळ्यांना लागू आहे. नवी पाटी करायला टाकाल तेव्हा रंगाऱ्याला हा मजकूर लिहूनच द्या, नंबर १५ अक्षरांचा आहे आणि ‘शून्य’ व इंग्रजी ‘ओ’ यांची गल्लत नेहमी होते.